उताऱ्याबाहेरची उत्तरं

इंग्रजी उताऱ्याखाली जे प्रश्न विचारलेले असतात, त्यांची उत्तरं उताऱ्यातच असतात. बाहेर कुठंही नसतात. शेजारणीच्या अनुभवात नसतात, शिवलिंगप्पांच्या अंदाजात नसतात आणि पोलीस अमीनसाहेबांच्या हुकुमात तर मुळीच नसतात. हा नियम मी स्वतः खडूनं आमच्या ओसरीच्या भिंतीवर लिहिला होता. आमच्या गल्लीनं पुढं त्या नियमाची जी वासलात लावली, तिला मी एकटा जबाबदार नाही, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

मी निजामाच्या राज्यात मुन्सिफ कोर्टात मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे एका भाषेतले कागद दुसऱ्या भाषेत नेणारा हमाल. साक्षीदार मराठीत खोटं बोलायचा, मी ते उर्दूत खरं वाटेल असं लिहायचो आणि वरच्या कोर्टासाठी त्याचं इंग्रजी असं करायचो की खरं की खोटं हा प्रश्नच कुणाला पडू नये. गावात इंग्रजी येणारे आम्ही दोघंच, मी आणि पोस्टमास्तर. पैकी पोस्टमास्तरांचं इंग्रजी तारेपुरतं होतं. त्यांना सुखाची बातमीसुद्धा फार लांबवता येत नसे.

पेन्शनीत निघालो आणि त्याच वर्षी आमची तुळजाबाई गेली. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल इथं जास्त काही सांगत नाही, कारण ही गोष्ट तिची नाही, उताऱ्याची आहे. एवढंच सांगतो की सकाळी दुधाच्या पातेल्याला मी ‘उतू जाऊ नकोस’ म्हणायचो आणि दिवसभराचं माझं बोलणं बहुधा तेवढ्यावरच संपायचं. पातेलं ऐकायचं नाही, हा भाग वेगळा.

अशात एक दिवस दिवेलागणीला बलभीमराव आले. हे तहसिलीतले नक्कलनवीस, म्हणजे सरकारी कागदाच्या नकला करून देणारे. मूळचे सोनारीचे, बायकापोरांचे धनी, मिशीत एखादा पांढरा केस. नोकरी अजून कच्ची. मॅट्रिक झाल्याशिवाय पक्की होणार नाही असा हुकूम आला होता, आणि मॅट्रिकमध्ये बाकी सगळं उर्दूतून सुटत होतं, फक्त इंग्रजी त्यांना दर वर्षी परत पाठवत होतं.

“आण्णासाहेब,” ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “ते उताऱ्याखालचे सवाल हायेत न्हवं, तिथंच गाडी रुततीया. तुमी जरा बघितलं तर.”

मी कपाळाला आठ्या घातल्या. वेळ नाही, प्रकृती बरी नसते, डोळे दुखतात, असं सगळं सांगितलं. रीत असते ती. ते खरंच परत वळले तेव्हा मात्र मी इतक्या घाईनं “अहो, थांबा, थांबा” म्हणालो की पलीकडच्या ओट्यावरची कडूबाई वाकून बघायला लागली. सतरंजी कुठं अंथरायची हे मी तोवर मनात ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. गल्लीच्या तोंडाशी शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान. त्यांनी आपला मुलगा शांतलिंग पाठवून दिला. त्याची सोयरीक गुलबर्ग्याकडं ठरली होती आणि व्याह्यांनी अट घातली होती की जावई मॅट्रिक पाहिजे. शांतलिंगाला लग्नाची घाई होती आणि इंग्रजीची नव्हती. शिवलिंगप्पा स्वतः येऊन सल्ला देऊन गेले, की पोरांना पूर्वेकडं तोंड करून बसवा. माझी ओसरी पश्चिमेला उघडते. त्यामुळे माझे दोघं विद्यार्थी भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि मी त्यांच्या पाठीला शिकवायचो.

कडूबाईनं सुचवलं की एवढ्या शिकवण्यानं घसा बसेल, रोज ताक घ्या. ताक तिनंच आणून दिलं, म्हणून ते निमूट प्यालो, आणि घसा बसला तो ताकानंच.

लिहिण्याचा भाग आधी घेतला. ‘हेडमास्तरांकडं तापामुळं रजा मागणारा अर्ज लिहा.’ बलभीमरावांनी तहसिलीच्या सवयीनं सुरुवात केली: गरिबांचे पालनहार, जगाचे आश्रयस्थान, न्यायाचा सूर्य. हे सगळं त्यांनी कोश बघून इंग्रजीत आणलं होतं. पान संपलं तरी ताप आला नव्हता. मी म्हणालो, “बलभीमराव, इंग्रजीत नुसतं ‘साहेब’ म्हटलं की भागतं.” ते घाबरून म्हणाले, “आन साहेबाला राग आला तर रजा कोन देनार?” मीही जन्मभर न्यायाच्या सूर्यांच्या नावचेच अर्ज भाषांतरित केलेले.

मग उतारा घेतला.

तेव्हा लढाई चालू होती. रॉकेल परवान्यावर मिळायचं आणि गल्लीत बहुतेक घरं अंधार पडायच्या आत जेवून घ्यायची. माझ्याकडं एकट्याला लागतं किती? साठलेलं होतं. त्यामुळे आमच्या ओसरीवर मोठा कंदील लागायचा आणि त्या उजेडाला मल्लम्मा वाती वळायला येऊन बसायची. मल्लम्मा म्हणजे शिवलिंगप्पांची आई. सीमेपलीकडची, त्यामुळं बोलण्याला कानडी हेल. मी वाचायचो आणि पोरांना अर्थ कळावा म्हणून मराठीत सांगायचो. ती फक्त वाती वळतेय अशी माझी समजूत होती.

उतारा असा होता. इंग्लंडात थंडीचे दिवस आहेत. टपालाच्या घोडागाडीत एक म्हातारा बसला आहे. त्याच्या मांडीवर एक पेटी आहे. गाडी कितीही हादरली तरी तो ती खाली ठेवत नाही. बर्फ पडतं आहे. गाडी एका खाणावळीपाशी थांबते, म्हातारा उतरतो, इकडंतिकडं बघतो आणि कंदील घेऊन आलेल्या माणसाला विचारतो, “मला न्यायला कुणी आलं नाही का?”

इथं उतारा संपतो. खाली प्रश्न. म्हाताऱ्यानं पेटी खाली का ठेवली नाही? थंडी होती हे कशावरून कळतं? उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.

“मग?” भिंतीकडून आवाज आला. मल्लम्मा.

“मग काय?”

“आलं का कुनी?”

“उतारा संपला, मल्लम्मा.”

“अय्यो! म्हाताऱ्याला बर्फात हुबा करून संपला?”

मी समजावलं की हा पुस्तकातला तुकडा आहे, आधीचं आणि नंतरचं परीक्षेला लागत नाही. तिनं वाती गोळा केल्या. “पेटीत काय व्हतं ते तरी?” मी म्हणालो, ते दिलेलं नाही. ती उठली आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. त्या बाईचा अबोला शिव्यांपेक्षा जड असतो.

सकाळी आडावर चर्चा होती. आण्णासाहेबांना पुढचं ठाऊक आहे, पण सांगत नाहीत, असं एक मत. दुसरं मत कडूबाईचं, आणि ते तिनं मला ऐकू येईल अशा बेतानं मांडलं. “पुढलं इंग्रजी लई अवघड आसंल. त्येंना येत नसंल.”

जन्मभर हायकोर्टापर्यंत कागद पाठवलेला माणूस मी! मला येत नसेल? मी दुपारभर येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी ओसरीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं दिसली. कडूबाई पदरात शेंगा घेऊन आली होती. मल्लम्मा खांबाला टेकून, वातींशिवाय, सरळ माझ्याकडं बघत होती.

मी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि म्हणालो, “काल एक पान चिकटलेलं होतं. ते सुटलं.”

मग मी जे वाचलं ते त्या पुस्तकात नव्हतं. कंदीलवाल्यानं म्हाताऱ्याला आत नेलं, शेकोटीपाशी बसवलं, ताटात गरम भाकरी वाढली. इंग्लंडात भाकरी कशी, असं शांतलिंगानं विचारलं, तर कडूबाईनंच त्याला गप्प केलं. म्हातारा जेवला, हात धुतले आणि पेटी पुन्हा मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसला. “आता उद्या,” असं म्हणून मी पुस्तक मिटलं.

त्या रात्री मला पटकन झोप लागली.

पुढं ओसरी पुरेना. पायऱ्यांवर माणसं, समोरच्या ओट्यावर माणसं. जो तो मला रस्त्यात अडवून पेटीबद्दल आपलं मत द्यायचा. शिवलिंगप्पांचं म्हणणं, सोनंच आहे, दुसऱ्या कशासाठी माणूस मांडी अवघडवून घेत नाही. कडूबाई म्हणायची, लेकीचं बाळंतपण असणार, त्यात डिंकाचे लाडू आहेत, म्हणूनच बर्फातसुद्धा निघाला बिचारा. मल्लम्माला तर शंकाच नव्हती. तिच्या माणसांत गळ्यातलं इष्टलिंग जमिनीला लागू देत नाहीत, झोपतानाही अंगावेगळं करत नाहीत. ती म्हणाली, “भुईला ठेवीना म्हंजे आत लिंगच हाय. लई निष्ठेचा मानूस. आमच्यातलाच.”

मी कुणालाच नाही म्हणालो नाही. तुम्ही म्हणाल, का नाही म्हणालात? तुमच्या घरी संध्याकाळी माणसं येत असतील, म्हणून तुम्हाला असं विचारता येतं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ‘म्हाताऱ्यानं पेटी खाली का ठेवली नाही?’ या प्रश्नाखाली शांतलिंगानं बिनचूक इंग्रजीत लिहिलं, ‘कारण तो लिंगायत होता.’ मी नियमाकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, “आजी म्हनती.” बलभीमरावांचं उत्तर दोन पानं होतं आणि त्यात म्हाताऱ्याच्या जावयाचं वागणं, खाणावळवाल्याचा स्वभाव आणि घोड्याची तब्येत एवढं सगळं आलं होतं. पेटी यायची राहून गेली होती.

याच सुमारास पोलीस अमीनसाहेब दारात उभे राहिले. सभ्य माणूस, दाढी नीट कातरलेली. बरोबर एक जवान.

“मुतर्जिम साब, सुना है रोज जलसा होता आपके यहां.”

“जलसा, सभा काही नाही, साहेब. इंग्रजीचा उतारा.”

“इत्ते लोगां इम्तिहान को बैठरे?” त्यांनी ओट्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडं नजर टाकली. मल्लम्मानं पदर पुढं ओढला.

गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. त्या काळात एक गश्ती होती, की सरकारच्या इजाजतीशिवाय चार माणसं जमवून भाषण करायचं नाही. अमीनसाहेब म्हणाले, रीतसर अर्ज द्या, उताऱ्याचा उर्दू तर्जुमा जोडा, आम्ही वर पाठवू. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज भाषांतरित केले, आता स्वतःचा केला. गरिबांचे पालनहार, जगाचे आश्रयस्थान, न्यायाचा सूर्य. बलभीमरावांनी सुंदर अक्षरात नक्कल करून दिली.

अर्ज परत आला. हरकती काढल्या होत्या. म्हातारा कुठल्या इलाक्याचा रहिवासी? सरकारच्या मुलखातून जाणार आहे काय? गेला तर नेणाऱ्या माणसाचं नाव काय? आणि शेवटी लाल शाईत, पेटीत काय आहे?

मी अमीनसाहेबांकडं गेलो. म्हणालो, “साहेब, पेटीत काय आहे ते उताऱ्यात दिलेलंच नाही.”

“ये तो और बुरा है,” ते म्हणाले. “जमाना कैसा है, देखरे ना? पेटी बंद, आदमी अजनबी.”

मग आम्ही दोघं पेटी भरायला बसलो. सोनं लिहावं, तर करोडगिरीचं खातं जकात विचारेल. लिंग लिहावं, तर जलसा धार्मिक ठरेल आणि अर्ज उमूर-ए-मजहबीकडं, म्हणजे धर्माच्या खात्याकडं, हैदराबादला जाईल आणि तिकडून कोणत्या वर्षी परत येईल ते सांगता येत नाही. लाडू लिहावेत, तर डिंकात काय काय घातलं आहे याची चौकशी होईल. अमीनसाहेबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. शेवटी हळूच म्हणाले, “खिलौना लिखो. पोते के वास्ते. बच्चे के खिलौने पे कोई हुकूमत एतराज नहीं करती.”

मी ‘नातवासाठी खेळणं’ असं लिहिलं. परवानगी आली, परीक्षेच्या दिवसापर्यंत, अशा अटीवर की एक जवान हजर राहील आणि मंजूर मजकुराबाहेर काही सांगितलं जाणार नाही. अशा रीतीनं इंग्लंडातल्या त्या पेटीत काय होतं, ते निजाम सरकारनं ठरवलं.

गल्लीला हे पटलं नाही. मल्लम्मा म्हणाली, सरकारला काय कळतंय? शिवलिंगप्पा म्हणाले, खेळणं सोन्याचं असेल. जवान पहिले काही दिवस काठी आडवी धरून उभा राहिला, नंतर पायरीवर बसला आणि एकदा म्हातारा आजारी पडला तेव्हा त्यानं रुमाल काढून डोळे पुसले. म्हातारा मंजूर मजकुरात आजारी नव्हता. जवानानं वर काही कळवलं नाही. पुढं अमीनसाहेबच ‘मुआयना’, म्हणजे तपासणी, करायला यायला लागले. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचो. मुआयना त्या दिवशीचा भाग संपेपर्यंत चालायचा.

ते दिवस माझे फार सुखाचे गेले. संध्याकाळची वाट बघत मी सकाळी उठायचो.

परीक्षा जवळ आली तेव्हा मात्र मला जबाबदारीची जाणीव झाली. बलभीमरावांची नोकरी टांगणीला होती. एके दिवशी मी जाहीर केलं, की आज गोष्ट नाही, नुसते प्रश्न आणि उताऱ्यातली उत्तरं. लोक जरा वेळ बसले. मी ‘थंडी होती हे कशावरून कळतं’ हे खडूनं भिंतीवर लिहिलं. मागं वळलो तर कडूबाई पायरी उतरत होती. मल्लम्मा तिच्या आधारानं गेली. शांतलिंग पोट दुखतंय म्हणाला. जवानानंसुद्धा सलाम केला आणि निघाला. बलभीमराव तेवढे उरले, तेही घरी पाहुणे येणार होते म्हणून लवकर गेले.

कंदील भरलेला होता. मी एकटा त्या उजेडात बसून राहिलो. पलीकडच्या घरातून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. तुळजाबाई गेली त्या दिवशी घरात निदान माणसं तरी होती. त्या संध्याकाळी मला कळलं की हे मला झेपणार नाही, विद्यार्थी पास होवोत की नापास.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला पुन्हा गाडीत बसवलं.

परीक्षेचं केंद्र जिल्ह्याला, धाराशिवला होतं. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटार कोळशाच्या धुरावर चालायची आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. बलभीमराव आणि मी मागून ढकलत होतो, शांतलिंग नवरदेव असल्यानं आतच बसला होता. आम्ही तिघंही काळेठिक्कर होऊन पोचलो. मी वाटभर एकच मंत्र दिला, “उत्तर उताऱ्यातच. बाहेर जायचं नाही.” बलभीमराव मान हलवत होते.

इंग्रजीचा पेपर सुटल्यावर शांतलिंग हसत बाहेर आला. “सोपा व्हता. एका म्हातारीचा उतारा. तिचा ल्योक गाडीतनं जातो आन ती दारात दिवा घेऊन हुबी ऱ्हाती. बास.” त्याला म्हातारीचं काही पडलं नव्हतं. त्यानं वाक्यं शोधली, उतरवली आणि मोकळा झाला. बलभीमराव सगळ्यांत शेवटी आले. बोटांना शाई, चेहरा समाधानी. कसा गेला विचारलं तर म्हणाले, “बरं झालं सगळं.” मला हायसं वाटलं.

परीक्षा झाली आणि परवानगीही संपली. जवान येईनासा झाला. अमीनसाहेबांची बदली परंड्याकडं झाली. उन्हाळा लागला, लोक आपापल्या अंगणात बाज टाकून पडायला लागले, उजेडाची कुणाला गरज उरली नाही. म्हाताऱ्याची गोष्ट मी संपवून टाकली होती. त्याला न्यायला अखेर नातू आला, असं सांगितलं होतं, आणि संपलेल्या गोष्टीला परत कोण येतो? मल्लम्मा रस्त्यात भेटली की “बरं हाय का, आण्णा?” म्हणायची आणि मी “बरं आहे” म्हणायचो. ती पुढं जायची. मी पुन्हा दुधाच्या पातेल्याशी बोलायला लागलो.

निकाल लागला. शांतलिंग पास. शिवलिंगप्पांनी गल्लीभर पेढे वाटले, मला फेटा बांधला आणि ओट्यावर उभं राहून सांगितलं की पूर्वेकडं तोंड करून बसवल्याचा हा गुण. आठवड्याभरात वऱ्हाड गुलबर्ग्याला गेलं. शांतलिंगानं तिकडंच बिऱ्हाड केलं, म्हणून मल्लम्माही नातसुनेकडं राहायला गेली. गल्लीच्या तोंडाशी दुकान तेवढं राहिलं.

बलभीमराव नापास झाले होते. इंग्रजीतच.

ते आले तेव्हा दिवेलागण होत होती. या खेपेस आत येऊन बसले. मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हतो. सांत्वनाची वाक्यं मी सकाळपासून जुळवून ठेवली होती. ती सोडून कोर्टातल्यासारखा विचारून बसलो, “उताऱ्यात काय झालं?”

“उतारा सोपाच व्हता, आण्णासाहेब. उत्तरं समदी दिसत व्हती.”

“मग लिहिली का नाहीत?”

“ती बाई दारातच हुबी व्हती की हो. ल्योक गेला, गाडीचा आवाजबी गेला आन उतारा तितंच संपला. आत घर रिकामं. पहिला सवाल व्हता, तिनं दार का लावलं न्हाय? म्या लिवायला घेतलं, पर हात फुडं चालंना. म्हातारी बाई, वारं सुटलेलं. तिला तशीच हुबी ठिवून दुसऱ्या सवालाकडं कसं जायाचं? म्हनून आदी तिला आत न्हेली. चूल पेटवली. शेजारची एक बाई पीठ मागाया आली. मग दोगी बोलत बसल्या.” बलभीमरावांनी माझ्याकडं बघितलं. “घंटा झाली तवा आजून बोलतच व्हत्या.”

“असलं लिहायला सांगितलं कुणी तुम्हाला?”

त्यांना नवल वाटलं. “तुमीच की.”

भिंतीवरचा नियम माझ्या डोक्यावरच होता. मी तिकडं बोट केलं नाही. नोकरीचं काय, असं विचारलं. तहसीलदारांनी आणखी एक संधी दिली होती, पुढच्या परीक्षेपर्यंत. त्यांची बायको दोन दिवस बोलली नव्हती. पोरं चिडवत होती. हे ते सांगत होते आणि मी दुःखी चेहरा करायचा मनापासून प्रयत्न करत होतो. मला लाज वाटत होती. एका संसारी माणसाचं वर्ष माझ्यापायी वाया गेलं होतं. आणि त्या लाजेच्या खालून, दाबून ठेवला तरी, मला आनंद होत होता. मोठा आनंद. हा माणूस पास झाला असता तर आज इथं आला नसता.

“उद्यापास्नं येऊ का मग?” ते म्हणाले.

“या की,” मी म्हणालो, “या खेपेला मात्र कडक. उताऱ्याबाहेर एक शब्द नाही.”

“न्हाय न्हाय. एकबी न्हाय.”

बाहेर अंधारलं होतं. मग मला राहवलं नाही.

“ती पीठ मागायला आलेली बाई,” मी विचारलं, “ती पुन्हा येते का हो तिच्याकडं?”

“यील की. रोजच यील,” बलभीमराव म्हणाले. “पीठ तिच्या घरीबी आसतंया. उगंच येती ती.”

मी उठलो आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. ती सकाळीच पुसून ठेवलेली होती.